घाईनं घातलेला हार

तो सत्कार आम्ही करायला नको होता. आता हे मी कुणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. नवरा म्हणतो, "झालं, सुरू झालं हिचं पुराण." असू दे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आम्ही मूळचे बिडकीनकडचे, शेतीवाले. नवऱ्याला कंपनीत नोकरी लागली तसे शहरात आलो आणि गारखेड्याला दोन खोल्या बांधून राहिलो. मी घरीच शिवणकाम करते. वर्षभर ब्लाऊज आणि फॉल-पिको, आणि जून-जुलैत शाळेचे ड्रेस. आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा आहे, दहावीपर्यंतची. तिथल्या पोरींना ड्रेस फुकट मिळतात, पण ते कुणाच्या मापानं शिवलेले असतात देव जाणे. एकीला खांद्यावरून ओघळतो, दुसरीच्या बाहीत हात जात नाही. ते ड्रेस उसवून, आवळून पोरींच्या अंगाला बसवायचं काम माझ्याकडं. त्यामुळं शाळा सुटली की माझ्या ओट्यावर पोरींचा बाजार भरायचा.

मला मुलगी नाही. दोन मुलगे. पोरींचा तो कलकलाट मला आवडायचा, वरून मी कितीही ओरडले तरी.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले. पोरी आल्या की आधी माप द्यायला उभ्या राहत नसत, माठाकडं पळत. दप्तर पाठीवर तसंच आणि घटाघटा पाणी. त्यात एक आठवीतली होती, पाय लांब, अंगानं काटकुळी, खो-खोत शाळेची पहिली पळणारी. ती तर एकापाठोपाठ एक ग्लास रिचवायची. "बसून पी गं, ठसका लागंल," असं मी रोज म्हणायचे आणि ती रोज उभ्यानंच प्यायची.

एक दिवस तिच्या दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली दिसली. गळ्यापर्यंत भरलेली.

"अगं, बाटली भरलेली हाय की तुझी. मग माझा माठ का रिकामा करू राहिली?"

बाकीच्या पोरी खुसखुसल्या. ती काही लाजली नाही. म्हणाली, "काकू, शाळेत पाणी प्यालं की मग जावं लागतं. अन् जायला जागा नाय."

जागा होती म्हणे, दोन संडास होते, पण एकाचं दार निखळलेलं, दुसऱ्यात झाडू-खराटे आणि मोडके बाक कोंबलेले, आणि पाण्याचा तर पत्ताच नाही. पोरांचं काय, भिंत दिसली की झालं. पोरी सकाळी घरून जाऊन येत आणि मग शाळा सुटेपर्यंत आवळून बसत. पाणी पीतच नसत. आई बाटली भरून देते म्हणून न्यायची आणि तशीच परत आणायची. मोठ्या पोरींना महिन्याचे ते दिवस आले की त्या सरळ घरीच राहत. हे सगळं तिनं मला असं सांगितलं, जणू शाळेचा गणवेश निळा असतो तसंच हेही एक असतं.

माझं डोकं तापलं. मला राग लवकर येतो, आणि राग आला की शिवणयंत्र जोरात चालतं. त्या दिवशी एका बाईच्या ब्लाऊजच्या दोन्ही बाह्या मी उलट्या जोडल्या.

त्या पोरीचं घर पलीकडच्या गल्लीत. ती गल्ली बौद्धांची, आमची बहुतेक मराठ्यांची. मधी एक नालीवरची फरशी, तेवढीच हद्द. तिचा बाप रिक्षा चालवायचा, आई एका खासगी दवाखान्यात आया होती. मी तिच्या आईला गाठलं. तिला सगळं माहीत होतं.

"तीनदा ताप येऊन गेला तिला," ती म्हणाली. "लघवीला आग होती. डॉक्टरीनबाई म्हणती, पाणी पी. तिला काय जातंय म्हणायला, तिच्या केबिनमधीच संडास हाय. ताई, म्या ठरिवलंय, आता पुन्यांदा आजारी पडली तर शाळा बंद. मपली पोरगी जिती राहिली पायजे, शाळंचं काय करायचं?"

पोरगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला पोलीस व्हायचं होतं. पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारायची, त्या एवढ्याचसाठी. आईच्या त्या वाक्यावर ती माझ्याकडं अशी बघत राहिली की आता काय ते मीच करायचं. तिथून मी यात पडले.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतली कुठलीच बाई घर सोडत नाही. बादल्या, पिंपं, हंडे, सगळं दाराशी मांडून बसायचं आणि नळाकडं कान ठेवायचा. बायकांना एकत्र आणायला याच्याहून चांगला दिवस नाही. कुणी म्हणू शकत नाही की मला वेळ नाही. त्याच दिवशी आम्ही दोन्ही गल्ल्यांतल्या बायका नालीच्या फरशीवर बसलो आणि ठरवलं की शाळेला पोरींसाठी नीट संडास-मोरी मिळवायची. कुणी मंडळ काढू म्हणालं, कुणी नाव काय ठेवायचं म्हणालं. मी म्हटलं, नाव-गाव राहू द्या, आधी चला.

महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात निवेदनं दिली. एक दिलं, दुसरं दिलं. दर वेळी दाराशी शिपाई, "साहब साइट पे गये हैं, पोच घेके जाव." पोच घ्यायची आणि परत यायचं. आमच्यातली एक म्हणाली, "पोचच पोच जमा झाल्यात, पोचलं मात्र कायच नाय."

मग मला बाटल्या सुचल्या. एका दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आम्ही दाराशी उभ्या राहिलो आणि पोरींच्या बाटल्या मागून घेतल्या. एकेका दप्तरातून त्या निघत गेल्या. सगळ्या भरलेल्या, काहींचं झाकणही उघडलेलं नाही. ब्लाऊजपीसच्या पिशव्यांत त्या भरल्या आणि तशाच ऑफिसात गेलो. शिपाई काही बोलायच्या आत आत शिरलो. नशीब, साहेब जागेवर होते. मी एकेक बाटली काढून त्यांच्या टेबलावर, फायलींच्या मधल्या जागेत मांडत गेले.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मला वाटलं होतं मी बोलेन. बोलली ती पोरीची आई. "साहेब, सकाळी भरून दिल्या होत्या ह्या. दुपार टळली. बघा, थेंब कमी नाय झाला. आमच्या पोरी दिवसभर तहानलेल्या बसत्यात तुमच्या शाळंत, कारण प्यालं तर जायचं कुठं?"

साहेबांनी एक बाटली उचलली. उन्हातून आणलेली, गरम झालेली होती. झाकण फिरवून बघितलं. मग म्हणाले, "मलाही मुलगी आहे," आणि फोन उचलला.

माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. वाईट असता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

काम झालं, आणि आमच्याकडच्या मानानं लवकर झालं. शाळेच्या मागच्या भिंतीला धरून नवी खोली उभी राहिली. आत फरशी, पक्की दारं, प्रत्येक दाराला आतून कडी. बाहेरून गुलाबी रंग, त्यावर पेन्सिलीवर बसून आकाशात उडणारी एक पोरगी रंगवलेली. वर काळी टाकी. आम्ही बायका रोज कुणी ना कुणी जाऊन बघून यायचो, जणू घरचं बांधकाम चाललंय. ती पोरगीही खेळून येताना माझ्याकडं डोकवायची. "काकू, कडी बसवली!" असं ओरडून पळून जायची. फक्त टाकीला नळाची लाइन जोडायची राहिली होती. ती पुढच्या आठवड्यात, असं सांगितलं होतं.

आणि तिथं आम्हाला सत्कार सुचला. खरं तर मला सुचला.

आपल्याकडं कुणी काही केलं की हार हा पाहिजेच. पोरगं दहावी पास झालं, हार. कुणी रिटायर झालं, हार. आमच्या गल्लीत नवा ट्रान्सफॉर्मर बसला तेव्हा वायरमनला हार घातला आणि एक ट्रान्सफॉर्मरलाही घातला. माझ्या घरी चहाला सगळ्या जमल्या होत्या. साहेबांचा आणि वॉर्डाचे नगरसेवक, त्या भाऊंचा सत्कार करू, असं मी म्हटल्यावर सगळ्यांच्या तोंडावर अशी कळा आली की काय सांगू. जन्मात पहिल्यांदा आमच्या म्हणण्यानं काहीतरी उभं राहिलं होतं. त्याचा आनंद कुठं तरी मांडायला नको का? भाऊंनी या कामात नेमकं काय केलं होतं हे कुणाला ठाऊक नव्हतं; पण भाऊंना सोडून साहेबांना हार घालायचा म्हणजे उगाच वाकडं.

एकटी पोरीची आई म्हणाली, "अवं, पाणी येऊ द्या की आधी. हार काय सुकून चाललाय का?"

मी तिला म्हटलं, "तुला नाय कळायचं. हार घातला की माणूस बांधला जातो. चारचौघात शाल पांघरली की लाजंखातर तरी नळ जोडतील."

सगळ्या हसल्या. तीही हसली, पण चहा तिनं अर्धाच घेतला. मला आता आठवतं ते एवढंच, की मी किती हुशारीनं बोलले असं मला तेव्हा वाटलं होतं.

शाल आणायला मी गुलमंडीवर गेले. दुकानदारानं विचारलं, "सत्काराची पाहिजे का पांघरायची?" मला हसूच आलं. म्हणजे सत्काराची शाल वेगळी असते. पातळ, चमकदार, एका सत्कारातून दुसऱ्या सत्कारात फिरणारी, कुणाचीही थंडी न घालवणारी. मी म्हटलं, पांघरायची दाखवा. चांगल्या दोन ऊबदार शाली घेतल्या, नारळ घेतले, हारांची ऑर्डर दिली. जड पिशव्या घेऊन रिक्षात बसले तेव्हा एवढी खूश होते, की लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधून निघाले होते जणू.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर. मंडप पाहुण्यांना, पोरी उन्हात रांगेनं. भाऊ उशिरा आले, येतातच. ती आठवीतली आता नववीत गेली होती. आरतीचं ताट घेऊन तिला पुढं उभं केलं होतं, कारण उंच आणि देखणी दिसते. फीत कापली. साहेबांना शाल मी पांघरली. मग भाऊंच्या माणसांनी आम्हा बायकांनाही एकेक शाल दिली, सत्काराचीच. मला दोन शब्द बोला म्हणाले. आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. तरी मी मोठ्यानं म्हणाले, "आज आमच्या लेकींचा प्रश्न सुटला." टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आणि खाली तेच वाक्य.

फीत कापून झाल्यावर पाहुणे जेवायला गेले आणि मागं शाळेच्या मोठ्या बाईंनी त्या गुलाबी खोलीला कुलूप लावलं. पोरगी माझ्याजवळ आली. ताट अजून हातातच होतं.

"काकू, आता उघडतील ना?"

"उघडतील गं. पुढच्या आठवड्यात पाणी येतंय."

"मला आत्ताच लागली," ती हसत म्हणाली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

पुढचा आठवडा आला, गेला. त्याच्या पुढचाही गेला. मोठ्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पाण्याशिवाय उघडलं तर दोन दिवसांत वाट लागेल हो. नवीन आहे." त्यांचंही खोटं नव्हतं. गुलाबी भिंतीवरची पोरगी पेन्सिलीवर बसून उडत होती, दाराला कुलूप होतं आणि किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला. कुणी तपासणीला आलं की तेवढ्यापुरतं उघडायचं, झाडून घ्यायचं, पुन्हा लावायचं.

आम्ही काय केलं? काही नाही. हेच तर सांगते आहे. दर पाण्याच्या दिवशी फरशीवर बसलो की विषय निघायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "आत्ताच तर शाल दिली. लगेच तोंड वर करून कसं जायचं?" मग दुसरी म्हणायची, "दिवाळी होऊ द्या." बाटल्या घेऊन ऑफिसात घुसणाऱ्या आम्हीच त्या, पण आता पाय उचलेना. कुणी अडवलं नव्हतं, कुणी दम दिला नव्हता. ज्याच्या गळ्यात आपण स्वतःच्या हातानं हार घालतो, त्याची कॉलर मग धरता येत नाही. माणूस बांधला जातो हे मी बरोबर सांगितलं होतं. कोण बांधलं जातं, ते चुकलं. भीड ही भिकेची बहीण असं आमची आई म्हणायची. मला वाटायचं, म्हातारी उगाच काहीतरी बोलते.

शेवटी गेलो एकदा. पोरीची आई आली नाही, ड्यूटी आहे म्हणाली. साहेबांनी आम्हाला बघितलं आणि ते खुर्चीतून उठले. "या ताई, या." त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सत्काराचा फोटो होता, शाल पांघरताना माझे दोन्ही हात वर गेलेले. चहा मागवला. एवढा मान, मग एकदम पाण्याचं कसं काढणार? मी आडून आडून काढलं. ते म्हणाले, "हो हो, लक्षात आहे, वर पाठवलंय." आम्ही चहा प्यायलो आणि परत आलो. बाटल्या घेऊन गेलो तेव्हा कुणी बसा म्हणालं नव्हतं, पण काम झालं होतं. आता चहा मिळाला.

मग त्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब तरुण होते, चटपटीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि मोबाइलमध्ये काहीतरी शोधून माझ्यापुढं धरलं. पेपरातलं ते कात्रण. "काकू, हे तुम्हीच ना? काम पूर्ण दिसतंय. प्रश्न सुटला, असं तुम्हीच सांगितलंय." उद्धटपणानं नाही बोलले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं. बाहेर आल्यावर पायरीवर मी रडले. रागानं.

मध्ये आम्ही एक खटपट केली. पाण्याच्या दिवशी प्रत्येकीनं थोडं पाणी शाळेत न्यायचं, एक पिंप भरून ठेवायचं, म्हणजे निदान मोठ्या वर्गाच्या पोरींना खोली उघडता येईल. काही दिवस चाललं. पोरी मधल्या सुट्टीत जायला लागल्या, माझ्या माठाला थोडा आराम पडला. मग उन्हाळा आला, नळ आणखी लांबला, टँकरवर भांडणं सुरू झाली. स्वतःच्या घरात अंघोळीला पाणी नाही आणि शाळेत कुठून न्यायचं? एकेक बाई गळाली. मीही गळाले. खोटं कशाला बोलू, त्या उन्हाळ्यात माझ्या सासऱ्यांचं दुखणं होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं. पिंप उन्हात तडकलं.

पोरगी दहावीत गेली आणि पुन्हा आजारी पडली. या वेळी साधा ताप नव्हता. थंडी वाजून यायची, कमरेत कळा. मूत्रपिंडापर्यंत गेलंय म्हणाले. आई जिथं कामाला, तिथंच ठेवलं होतं. मी भेटायला गेले तर हाताला सलाइन. मला बघून हसली.

"काकू, बघा, आता झोपल्या झोपल्या पाणी पिऊ राहिले."

मी तिचे पाय चेपत बसले. ते लांब पाय, मैदानात कुणाच्या हाती न लागणारे, माझ्या मांडीवर काठ्यांसारखे पडले होते. आई ड्यूटीच्या कपड्यांतच येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती म्हणणार, मी सांगितलं नव्हतं का? ती तसं काही बोलली नाही. "चहा घेता का?" एवढंच म्हणाली. बोलली असती तर बरं झालं असतं. तिच्यापुढं मान खाली घालून मी चार शब्द ऐकले असते, आणि तेवढ्यानं तरी मला हलकं वाटलं असतं.

घरी आणल्यावर तिचं नाव शाळेतून काढलं. आईनं शब्द दिला होता, तो पाळला. मग कुणीतरी सांगितलं तसा सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे घरी बसून बाहेरून परीक्षा द्यायची. पोरगी पास झाली, कशीबशी. खो-खो सुटला. पहाटेचं पळणं सुटलं. वर्गातल्या मैत्रिणी शाळेत आणि ही घरात, भाकरी थापत आणि मधूनच पुस्तक उघडत. एक दिवस तिची आई माझ्याकडं आली, हातात शाळेचा ड्रेस. धुऊन, इस्त्री करून आणलेला.

"दुसऱ्या कुण्या पोरीला बसतो का बघा," ती म्हणाली. "म्या काय त्याचं फडकं करणार नाय."

तो ड्रेस मीच आवळून दिला होता, कमरेत दोन्ही बाजूंनी. पुढच्या पोरीसाठी मी तेच टाके उसवले. एवढ्या वर्षांत किती कपडे उसवले असतील, पण त्या दिवशी मला सुईच दिसेना.

खोली पुढं उघडली. आम्ही नाही उघडली. नव्या पोरींच्या नव्या आया होत्या, आम्हाला ओळखतही नव्हत्या. त्यांनी शाळेच्या दारात ठिय्या दिला, आरडाओरडा केला, पोरींना दोन दिवस शाळेत पाठवलंच नाही. बोअरचं पाणी टाकीत चढलं. आता मधल्या सुट्टीत तिथं रांग असते आणि भिंतीवरच्या उडणाऱ्या पोरीचा रंग खरवडून तिच्यावर पोरींनी आपापली नावं लिहिली आहेत. मला बरं वाटतं बघून. त्यातली एक आई माझ्याकडं ब्लाऊज टाकायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, आम्ही साहेबांचा सत्कार ठेवलाय, तुम्ही या." मी म्हटलं, "एक उन्हाळा जाऊ दे. उन्हाळ्यातबी धार पडली तर मी स्वतः शाल आणते, पांघरायची." ती म्हणाली, "काकू, तुम्ही लई खडूस." व्हय बाई, आहे खडूस. माझ्याकडं येणाऱ्या पोरी आता माठाकडं बघतसुद्धा नाहीत. सरळ माप द्यायला उभ्या राहतात.

गेल्या महिन्यात ती खो-खोवाली पोरगी आली. आता बिडकीनकडच्या एका कंपनीत आहे, सकाळी बसनं जाते, संध्याकाळी येते. लग्न ठरलंय, ब्लाऊज शिवायचे होते. अंगानं भरली नाही, तशीच काटकुळी, पण चालण्यात एक ठसका आलाय. पोलीस भरतीचं मी काढलं नाही, तिनंही काढलं नाही. कंपनीचं सांगत होती; कॅन्टीन चांगलं आहे, सुपरवायझर बाई आहे, बायकांचे संडास तर एकदम चकाचक, चोवीस तास पाणी.

मी आत गेले आणि माठातलं पाणी ग्लास भरून तिच्यापुढं ठेवलं. तिनं उचललं, ओठाला लावलं, ओठ ओले केले आणि खाली ठेवलं. बोलणं चालूच.

"पी की गं," मी म्हटलं. "माझा माठ रिकामा करणारी तू."

"नको काकू. घरी जाऊन पिते."

"घर दोन पावलांवर, मला माहितीये. पण इथंबी सगळं हाय की. मागच्या दाराला लागून तर संडास हाय, तुला ठाऊक नाय का?"

"ठाऊक हाय की." ती हसली, दवाखान्यात हसली होती तसंच. "कंपनीतबी हाय सगळं. पण बाहेर असले की घशाखाली उतरतच नाय. डॉक्टरीनबाई ओरडती. आता सवयच लागली ना काकू, त्याला काय करता?"

मग ती उभी राहिली, हात पसरले आणि मी माप घेतलं. खांदा, छाती, कंबर. कमरेला टेप लावताना तिला गुदगुल्या झाल्या, पूर्वी व्हायच्या तशाच. शनिवारी ये म्हटलं. ती गेली.

ग्लास तसाच होता, काठोकाठ. आमच्या शहरात पाणी कुणी ओतून देत नाही. तुळशीला घालतात, नाहीतर पायरीवर शिंपडतात. मी तो उचलला आणि उभ्या उभ्या, तिचं उष्टं, सगळं पिऊन टाकलं. बसून पी असं म्हणायला घरात कुणी नव्हतं.